आकडा एकटा सोडू नको

निरोप सकाळी सहाला आला. 'वहिनी गेल्या. ९.' खाली जोडलेले दोन हात. बस, एवढंच. पाठवणारे मनोहरराव, म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, पमाताईचे, धाकटे दीर. मुक्काम अकोला. मी अमरावतीला, अंथरुणात, चष्मा न लावता तो आकडा बघत बसलो होतो. बायको म्हणाली, "नऊ कशाचे?" आणि मी, ज्याला आयुष्यात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर माहीत नसताना द्यायची सवय आहे, तो मोठ्या खात्रीने म्हणालो, "रात्री नऊला गेली असेल." मनोहररावांना फोन लावला, उचलला नाही. घाईत असतील. बाहेरगावचे लोक यायचे म्हणजे न्यायला दुपार होणारच, असा हिशेब करून आम्ही घर आवरलं, बडनेऱ्याला थांबून म्हाताऱ्या मामींना गाडीत घेतलं, त्यांच्या गोळीची वेळ झाली म्हणून मूर्तिजापूरला चहासाठी उतरलो. अकोल्याला ताईच्या दारात गाडी लावली तेव्हा अंगण धुऊन झालं होतं. दोरीवर ओली धोतरं होती. मनोहरराव आंघोळ करून कान पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "उशीर केला, बंडूभाऊ. लिवलं होतं ना, नऊ?"

"मले वाटलं, रात्रीचे नऊ."

"नाही नाही. गेल्या तं त्या पहाटेच. नऊ म्हणजे न्याचे नऊ."

एखाद्या माणसाचं शेवटचं तोंड बघायचं राहून जाणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. रेल्वे चुकते, गाडी पंक्चर होते. पण ज्या बाईने आपल्या उमेदीची सगळी वर्षं 'आकडा एकटा सोडू नको' एवढं एकच वाक्य घरात, कारखान्यात आणि लग्नाच्या पंगतीत ओरडून सांगितलं, तिच्या मरणाचा आकडाच एकटा सुटावा... ताई असती तर तिरडीवरच्या दोऱ्या सोडवत उठून बसली असती आणि म्हणाली असती, "भाऊजी, नऊ कशाचे? त्याच्या पुढचा चोपदार कुठी गेला?"

चोपदार हा शब्द माझा. तिला तो इतका आवडला की पुढे तो तिचाच झाला. त्याचं असं झालं. आम्ही दोघं आजोळी, अंजनगाव सुर्जीला एकत्र वाढलो. ती माझ्याहून चांगली मोठी, अमरावतीला राहून बी.एस्सी. झालेली, आणि ही गोष्ट ती नवीन माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. नम्रता हा गुण तिच्या वाट्याला आला नव्हता आणि तिने तो कधी मागितलाही नाही. अकोल्याच्या एमआयडीसीत तिच्या नवऱ्याचा आणि मनोहररावांचा संत्र्याच्या सरबताचा कारखाना होता. नवरा अचानक गेला, तेव्हा तेरावं झाल्याबरोबर ती त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. पांढरा कोट शिवून घेतला, खिशावर स्वतःच्या नावाचं भरतकाम करून घेतलं आणि कामगारांना सांगितलं की मॅडम म्हणायचं, वहिनी फक्त भाऊजी म्हणतील. पुढे पुण्याच्या मोठ्या दुकानांनी सरबत घ्यायचं कबूल केलं, पण अट घातली की खोक्यावर यंत्राला वाचता येईल असं पट्ट्यापट्ट्यांचं लेबल पाहिजे, आणि त्यात तारखासुद्धा पाहिजेत. मनोहरराव म्हणाले, कोणाला तरी ठेवू. ताई म्हणाली, मी काय मेले का? आणि ती ते शिकली.

मी त्या दिवाळीला गेलो तर फराळाच्या ताटाशेजारी तिने एक रिकामं खोकं आपटलं.

"वाच."

"काय वाचू? नुसत्या काड्या दिसून राहिल्या."

"काड्यांच्या खाली वाच. कंसात काय हाये?"

मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि नाटकातला शिपाई खलिता वाचतो तसं वाचलं. कंसात शून्य एक, पुढे भला मोठा आकडा. कंसात अकरा, पुढे सहा आकडे. कंसात पंधरा, पुन्हा सहा आकडे. कंसात दहा, पुढे काही अक्षरं, काही आकडे.

"आता आयक. शून्य एक आला की समजाचं, मागून येते तो मालाचा नंबर. अकरा आला की मागून येते ती बनवल्याची तारीख. पंधरा म्हणजे इथलोक चांगलं लागते. सतरा म्हणजे याच्यापुढे तोंडात घालाचं नाही. दहा म्हणजे कोणता घाणा. घाणा समजते ना? एका वेळेस जेवढं शिजलं तेवढं. आणि हे अकोल्यात जे, थेच जपानात."

"जपानात आपलं सरबत जाते?"

"जाईन ना! तुह्या पोटात काहून दुखते?" मग तिने बोटाने खोक्यावर टकटक केलं. "हे सहा आकडे पाय आणि थे सहा आकडे पाय. दिसाले सारखेच. पुढचे दोन काढून टाकले तं बनवल्याची तारीख कोणती आणि फेकाची कोणती, तुहा बाप सांगन का?"

मी म्हणालो, "म्हणजे प्रत्येक आकड्याच्या पुढे चोपदार चालते. बाअदब, बामुलाहिजा, तारीख पधार रही है." ती इतकी हसली की चिवड्याचा ठसका लागला. त्या दिवसापासून घरातली एकही गोष्ट चोपदाराशिवाय राहिली नाही. लोणच्याच्या बरणीवर अकरा, पुढे तारीख. पिठाच्या डब्यावर अकरा. फ्रिजमधल्या सायीच्या भांड्यावर सतरा, आणि ती तारीख उलटली की साय मांजरीला. कोणी फोनवर म्हणालं, "पमाताई, बाराला येतो," की ती फोनवरच खेकसायची, "बारा तारीख का बारा वाजता? आकडा एकटा सोडू नको!" लोक तिची टिंगल करत. मी तर सगळ्यात जास्त केली. तिची नक्कल हा माझा हुकमी प्रयोग होता आणि ती स्वतः पहिल्या रांगेत बसून तो बघायची.

पण तिच्याकडे माझ्यासाठी एक उत्तर होतं. त्या लेबलाचा एक नियम आहे. तारखेच्या मागे सहाच आकडे, कमी नाही की जास्त नाही, त्यामुळे सहा मोजले की यंत्राला कळतं, तारीख संपली. घाण्याच्या नंबराचं तसं नाही. तो तीन अक्षरांचा असेल, दहाचा असेल. कंस असतात ते आपल्या डोळ्यांसाठी, यंत्राला कंस दिसत नाहीत. ते दहाच्या मागे वाचत सुटतं आणि पुढे तारीख आली तर तीही घाण्याचाच नंबर समजून गिळून टाकतं. म्हणून त्याला शेवटी बसवायचं. नाहीतर मध्ये एक न दिसणारा थांबा टाकावा लागतो. हे सगळं मला समजावून सांगताना ती अचानक थांबली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "अव माय, हा तं तूच होये. तुही लांबी ठरेल नाही."

झालं. मी अमरावतीला एका कॉलेजात नोकरी करतो, पण मला लोक ओळखतात ते माइकमुळे. साखरपुडे, बारशी, सेवापूर्ती, कुठेही माणसं जमली की मला बोलायला उभं करतात आणि नंतर पस्तावतात. ताईने कारखान्याच्या प्रत्येक कार्यक्रमात मला शेवटी टाकलं. आधी मनोहरराव, मग पाहुणे, मग बक्षिसं, आणि सगळं सुखरूप पार पडलं की ती माइकवर येऊन जाहीर करायची, "आता आमचा दहा बोलन. ज्याले जेवाचं थ्यानं जेवून घ्या."

तो कारखाना तिच्या हातून कसा गेला ते मी सांगायला नको, असं घरातल्या काही मंडळींचं म्हणणं आहे. म्हणून सांगतो. एका उन्हाळ्यात एका व्यापाऱ्याकडून बरीच खोकी परत आली. सरबत खराब नव्हतं, पण पंधराची तारीख अगदी तोंडावर आली होती. मनोहरराव ताईच्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "वहिनी, यायले नवीन लेबल मारू. आजची तारीख टाका."

"कोणत्या चोपदाराच्या मागं?"

"अकराच्या."

"अकरा म्हणजे जन्मतारीख, भाऊजी. हे सरबत काय आज जन्मलं?"

"काय फरक पडते? कोण पाहून राहिलं?"

"जन्मतारीख बदलून माणूस नोकरीत दोन वर्सं जास्त काढते, थे मी पाह्यलं. बाटली नाही काढत. माह्या हातानं नाही होणार."

मग तिच्या हाताशिवाय झालं. कोणत्या कामगाराने ती लेबलं मारली, मला ठाऊक नाही. खोकी विकली गेली. आणि खरं सांगू? कोणाला काही झालं नाही. कोणाचं पोट दुखलं नाही, कोणी तक्रार केली नाही. तिच्या बाजूने बोलायला एखादी उलटी तरी व्हायची होती, तीही झाली नाही. मनोहरराव हसत हसत सगळ्यांना सांगत राहिले, "वहिनी उगाच घाबरतात." त्यानंतर थोड्याच दिवसांनी घरात बैठक झाली. वहिनींनी नवऱ्यामागे फार कष्ट केले, आता आराम करावा, असं ठरलं. ठरवताना वहिनी स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी चहा करत होती. भरतकामाचं नाव असलेला कोट तिने घरी आणला, आणि नंतर तो मला बरण्या पुसायच्या फडक्यांत दिसला.

नातेवाईक तिला हट्टी म्हणाले. काही जण माझ्याही तोंडावर म्हणाले की बाईने एवढं ताणायला नको होतं, शेवटी घरचंच होतं. मी तिला म्हणायचो, "ताई, चारचौघात सांग. मी सांगू का? मले माइक दे फक्त." ती म्हणायची, "तू सांगशीन तं लोक हासतीन, बंड्या. हासाची गोष्ट नोहे थे." मग मी माइक मागणं सोडून दिलं. दुर्मीळ प्रसंग.

मग तिची मूत्रपिंडं थकली. मी अधूनमधून जात असे. शेवटच्या भेटीत ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, चेहरा सुजलेला, जीभ मात्र जागच्या जागी. मी मनोहररावांची नवी नक्कल करून दाखवत होतो आणि तेवढ्यात दारात साक्षात मनोहरराव. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं एक लेबल. कारखान्यातून काढल्यानंतर ते तिच्या खोलीत पहिल्यांदाच आले होते. मला वाटलं, आजार बघून पाझर फुटला. ते पलंगाच्या कडेला बसले, "कशी हाये तब्येत" म्हणाले, आणि उत्तर यायच्या आत पिशवी पुढे केली.

"वहिनी, पुण्याहून पुरी गाडी वापस आली. त्यायचं यंत्र म्हणते, तारीखच नाही. तारीख तं छापेल हाये! काहून वाचून नाही राहिलं?"

ताईने हात पुढे केला. मी चष्मा दिला. तिने ते लेबल उजेडाकडे धरलं, आणि मी शपथेवर सांगतो, त्या सुजलेल्या चेहऱ्यावर लग्नाच्या फोटोतलं तेज आलं.

"दहा आधी टाकला तुमी. मागून येणारी तारीख थ्याच्या पोटात गेली."

"मंग?"

"दहाले शेवटी टाका."

मनोहररावांनी ते दोनदा पुटपुटून पाठ केलं. पिशवीची घडी घातली, "आराम करा, वहिनी," म्हणाले आणि गेले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी पेटलो. म्हणालो, "ताई, काहून सांगतलं? सडू द्याची होती गाडी तिथंच! पाय धराले लावाचे होते!"

"चुकीचं लेबल समोर असलं तं मले चैन नाही पडत," ती म्हणाली. मग तिने मान उशीवर टेकवली. मला वाटलं डोळा लागला. पण ती छताकडे बघत होती. "बंड्या... थ्याच्यावरची अकरा खरी हाये का, हे इचारलंच नाही मी. दहा पाह्यला आणि थ्यातच रमली. पहिले अकरा इचाराले पाहिजे होती."

निघताना तिने मला कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. "आता जाय. पोचला का फोन करजो." तो तिचा मला शेवटचा हुकूम.

शोकसभा कारखान्याने ठेवली. अकोल्यातलंच एक छोटं मंगल कार्यालय, फुलांच्या हारात ताईचा फोटो, आणि फोटोत ती अशी बघत होती की जणू हारावर तारीख कुठे आहे ते शोधते आहे. बोलणाऱ्यांचा क्रम मनोहररावांनी ठरवला होता. मानाची जागा शेवटची, म्हणून ते स्वतः शेवटी. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बंडूभाऊ, तुमी सुरुवात करा. दोन मिनिटं. मंग मी एक घोषणा करतो." मी विचारलं, कसली? तर कळलं, सरबताची नवी बाटली येते आहे. वहिनींच्या नावाने. वहिनींचा फोटो लेबलावर.

मी स्टेजवर गेलो. तिथून एकदा सगळीकडे नजर फिरवली. माझ्यानंतर मनोहरराव, हातात घडी घातलेला कागद. आम्हा दोघांच्या मध्ये कोणी नाही. चिठ्ठी पाठवणारा नाही, घंटी वाजवणारा नाही, काही नाही. माणसाला देव एवढी सोय आयुष्यात किती वेळा करून देतो? मी बोलायला लागलो. अंजनगावच्या पानमळ्यातल्या चोरीपासून सुरू केलं. तिचं बी.एस्सी., तिचा पांढरा कोट, मांजरीची साय, जपान. लोक हसले. रडले. पुन्हा हसले. मनोहररावांनी आधी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे, मग खोकले. मी खोकल्याचाही एक किस्सा सांगितला. अकराच्या जन्मतारखेची गोष्ट मात्र हसवत सांगितली नाही. ताईने बजावलं होतं तसंच, साधी, आवाज न चढवता सांगितली. कोणाचं नाव घेतलं नाही, आणि सभागृहात नाव न कळलेला एकही माणूस नव्हता. संध्याकाळी त्याच कार्यालयात एक साखरपुडा होता. मंडपवाले मागच्या खुर्च्यांना गुलाबी कापडं बांधायला लागले, तरी मी बोलतच होतो. शेवटी कार्यालयाचा मालक हात जोडून पुढे आला, लोक उठले, चपला शोधायला लागले, आणि ताईच्या फोटोशेजारून कोणीतरी मोगऱ्याची तोरणं आत नेली. मनोहरराव कागद हातात धरून उभे होते.

बाहेर जिन्यात त्यांनी मला गाठलं. "बंडूभाऊ, तुमी माहं सारंच खाऊन टाकलं."

"मले पहिले बसवाचं नव्हतं तुमी," मी म्हणालो. "सांगतलं होतं ना वहिनीनं? दहाले शेवटी टाका."

ते हसले नाहीत. मी परतीच्या वाटेवर बोरगाव मंजूपर्यंत हसत होतो. त्यानंतर सभेलाही सोबत आलेल्या मामींनी विचारलं की मी रडतो आहे का, आणि मी म्हणालो, नाही, धूळ गेली.

माझा विजय तेवढाच टिकला. घोषणा गिळता येते, बाटली येत नाही. मागच्या आठवड्यात अमरावतीला आमच्या घराजवळच्या दुकानात ती मांडलेली दिसली. हारातला तोच फोटो, त्यातला हार काढून टाकलेला, आणि खाली तिचं नाव. शोकसभेत सांगायची ती घोषणा प्रत्येक बाटली आता स्वतःच करते आहे. मी दुकानदाराला म्हणालो, जरा खोकं दाखवता का? त्याला वाटलं मी घाऊक घेणार. त्याने खोकं काढून दिलं. मी चष्मा लावून कंस वाचले. शून्य एक. अकरा, मागे सहा आकडे. पंधरा, मागे सहा आकडे. आणि अगदी शेवटी दहा. एकही चूक नव्हती. पुण्याचंच काय, जपानचं यंत्रसुद्धा ते घडाघडा वाचेल. तिने पलंगावरून सांगितलेलं सगळं मनोहररावांनी मन लावून पाळलं होतं. अकराच्या मागची तारीख खरी आहे का, हे मात्र खोक्याला विचारून कळत नाही. तिचा चेहरा त्या तारखेच्या वर छापलेला आहे आणि तिच्याकडून आता ती कोणी तपासून घेणार नाही. दुकानदार म्हणाला, "घेऊन पाहा, घरगुती चव आहे." मी खोकं परत दिलं.

घरी तिच्या लोणच्याची बरणी आहे. कैरीची, अर्धी. चिकटपट्टीवर तिच्या अक्षरात अकरा आणि तारीख, वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. शेवटी दहा आणि घाण्याचं नाव, 'शेवटचा उन्हाळा'. म्हणजे तिला तो मोसम संपत आल्याचं म्हणायचं असेल. सतरा नाही. सगळ्या नातेवाइकांच्या बरण्यांवर ती सतरा टाकायची, माझ्या बरणीवर कधीच नाही. मी एकदा रुसून विचारलं होतं तर म्हणाली होती, "तुह्या घरी सतरा तारखेलोक काही उरते का, खादाड्या? कशाले शाई वाया घालू?"

आता उरलं आहे. ती गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. काल बायकोने फळी पुसताना बरणी खाली काढली, झाकण उघडून वास घेतला, मला घ्यायला लावला, आणि विचारलं, "अजून चांगलं आहे का हो? की गेलं?"

मी बरणी फिरवून पट्टी दोन्ही बाजूंनी पाहिली. झाकण घट्ट लावलं आणि ती परत फळीवर ठेवली, सगळ्या डब्यांच्या मागे.